नातेवाइकांनी केलेली सेवा नर्सिंग नोट्समध्ये कशी लिहायची?

प्रश्न (स्टाफ नर्स, सांगली)
मेडिसिन वॉर्डमध्ये सत्तरीच्या पुढचे पेशंट जास्त. भरवणं, कूस बदलणं, डायपर हे बहुतेक सून नाहीतर मुलगाच करतो. नोट्समध्ये मात्र 'नातेवाईक सोबत आहेत' एवढीच ओळ. त्यांनी केलेलं लिहायचं कसं? आणि लिहिलं तर जबाबदारी कुणाची?

उत्तर १ (वॉर्ड इनचार्ज, मिरज)
जबाबदारी तुमचीच राहते ताई. काम नातेवाइकाने केलं तरी ते त्यांच्याकडे द्यायचं का हे नर्सनेच ठरवलेलं असतं. नोंदीत मात्र त्यांनी काय केलं, काय सांगितलं आणि तुम्ही स्वतः काय पाहिलं, हे वेगवेगळं दिसू द्या. उदाहरणार्थ:

'दु. २.००. सुनेने डाव्या कुशीवर वळवले. पद्धत सकाळी शिकवून त्यांच्याकडून करून घेतली. माकडहाडावर लाली नाही, टाचा गादीला टेकत नाहीत.'

लाली दिसलीच तर बोटाने दाबून बघा. दाबल्यावर जात नसेल तर तो पहिल्या पायरीचा बेडसोर. नुसतं 'लाल दिसते' लिहून सोडू नका, डॉक्टरांना कळवा.

राईल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी, भरवायची नळी) जागेवर आहे का हे प्रत्येक फीडआधी नर्सनेच तपासायचं. फीड नातेवाइकाकडे दिलं तर डोकं ३० ते ४५ अंश उंच ठेवणं आणि नंतर किमान अर्धा तास आडवं न करणं, हे शिकवल्याची नोंद हवी. सलाईनचा वेग, ऑक्सिजन, सक्शन यांना हात लावू द्यायचा नाही. तसं बजावलं हेही लिहा.

उत्तर २ (आयसीयू स्टाफ, सांगली)
इनटेक-आउटपुटमध्ये, म्हणजे पोटात किती गेलं आणि बाहेर किती पडलं याच्या हिशेबात, सगळ्यात जास्त घोळ होतो. 'वाटीभर पेज' म्हणजे किती? त्यांच्या वाटीत किती मिली मावतं ते मापाच्या ग्लासने एकदा मोजा आणि चार्टच्या माथ्यावर लिहून ठेवा. नातेवाइकाकडे कागद द्या: वेळ, काय दिलं, किती. शिफ्ट संपण्याआधी त्यावरून चार्ट भरा, पण 'नातेवाइकांच्या टिपणावरून' असा शेरा हवाच. चहा आणि गोळ्यांबरोबरचं पाणी हमखास राहतं. हार्ट फेल्युअरच्या पेशंटचं पाणी मोजून असेल तर हेच नडतं.

डायपर ओला आणि कोरडा, दोन्ही वजनं घ्या. फरकातला १ ग्रॅम म्हणजे साधारण १ मिली लघवी. शी मिसळली असेल तर अंदाजे आकडा टाकू नका, 'मोजता आली नाही' लिहा.

प्रश्नकर्ती
रात्री सोबतचा माणूस बदलतो, तेव्हा?

उत्तर ३ (नर्सिंग ट्यूटर, मिरज)
नव्या माणसाचं नातं आणि तो आल्याची वेळ लिहा, आणि सगळं परत शिकवा. सुनेला येतं म्हणजे मुलाला येतं असं धरू नका.

शिवाय, नातेवाइकांच्या लक्षात आलेलंही नोंदवा. 'बाबा दुपारपासून भलतंच बोलतायत' हे 'वयामुळे' म्हणून सोडून देतात, पण अचानक सुरू झालेला, कमी-जास्त होणारा गोंधळ डेलिरियम असू शकतो. त्यांचे शब्द, वेळ, घरी असताना कसे बोलायचे आणि डॉक्टरांना कधी कळवलं, हे लिहा. अथणी, कागवाडकडच्या पेशंटबाबत 'प्रतिसाद देत नाही' लिहिण्याआधी मुलाला कन्नडमध्ये विचारायला सांगा. चष्मा, कानाचं मशीन लावलंय का तेही बघा.

पेशंट पडला तर 'नातेवाइकांच्या निष्काळजीपणामुळे' असं कधीच लिहायचं नाही. कुठे आढळला, कठडे वर होते की खाली, शेजारी कोण होतं, एवढंच. नोंद राहून गेली असेल तर 'उशिरा नोंद' म्हणून आत्ताची वेळ आणि घटनेची वेळ, दोन्ही टाका. चुकलेल्या शब्दावर एक आडवी रेघ आणि सही. व्हाइटनर नको.