कोड दिसला म्हणून पार्ट बदलू नका

इंडक्शन शेगडी दहा मिनिटं चालून मग ई-३ हा बिघाडाचा कोड दाखवते, म्हणून तिची कॉइल (भांडं तापवणारी तारेची गुंडाळी) गेली, असं एकानं म्हटलंय. मला नाही पटत. एक तर ई-३ चा अर्थ कंपनीगणिक, कधी मॉडेलगणिक बदलतो, त्यामुळे मॅन्युअलमधला तक्ता आधी बघा. दुसरं, कोड म्हणजे कंट्रोल बोर्डाला काय जाणवलं एवढंच. कुठला भाग मेला हे तो सांगत नाही.

कोड केव्हा येतो हे मी जास्त बघतो. सुरू करताक्षणी आला तर बहुधा तापमान मोजणारा सेन्सर तुटलेला किंवा शॉर्ट. थोडा वेळ चालून आला तर आतली उष्णता बाहेर पडत नाहीये. खालचा पंखा फिरतोय का? जाळीत धूळ आणि तेलकट चिकटा? (निम्म्या वेळा तेच असतं.)

काचेखालचा सेन्सर थर्मिस्टर असतो, तापला की रोध कमी होतो. सुटा करून मल्टिमीटरनं रोध मोजा, बोटांच्या उबेनं आकडा हळूहळू उतरायला हवा. जागचा हलला नाही किंवा उड्या मारू लागला तर सेन्सर बदला.

आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) चार्ज उरतो. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर तो ३०० व्होल्टच्या वर असू शकतो, तेव्हा सवय नसेल तर झाकण उघडूच नका.