मदत हवी आहे : वडिलांच्या कृत्रिम पायाचं सॉकेट सैल झालंय

नमस्कार मंडळी. वडिलांचा उजवा पाय मधुमेहामुळे गुडघ्याखालून काढावा लागला, त्याला आता नऊ महिने झाले. एका शिबिरात पाय बसवून मिळाला, पण माप फार लवकर घेतलं असावं. सूज उतरून उरलेला पाय बारीक झालाय. आत तीन-तीन मोजे घालूनही सॉकेट (कृत्रिम पायाचा, उरलेला पाय ज्यात बसतो तो वरचा भाग) खाली सरकतं आणि नडगीच्या टोकाला चट्टा उठतो. त्यांना तिथली संवेदना कमी, म्हणून रोज रात्री मीच टॉर्च लावून बघते.

नातेवाईक म्हणतात, "जयपूर फूट घ्या." अहो, ते तर पाऊल झालं! चिखलात अनवाणी चालायला, उकिडवं बसायला उत्तमच, आणि बाबांचा जीव शेतातच. पण अडलंय ते सॉकेटपाशी.

मुंबईच्या हाजी अलीच्या पुनर्वसन संस्थेत किंवा पुण्याच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरमध्ये कुणी नुसतं सॉकेट बदलून घेतलंय का? किती फेऱ्या होतात? नगर-नाशिककडे आरसीआयची (भारतीय पुनर्वसन परिषदेची) नोंदणी असलेले, नंतरही दुरुस्ती करून देणारे प्रोस्थेटिस्ट (कृत्रिम अवयव बनवून बसवणारे तज्ज्ञ) माहीत असतील तर कृपया सांगा. सध्या पाय घालणं बंदच ठेवलंय.