मदत हवी आहे: बाबांना डोसेटॅक्सेल (केमो) सुचवलंय, मग हार्मोनचं इंजेक्शन कशाला चालू ठेवायचं?

बाबा ७४ वर्षांचे. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत पसरलेला. ल्युप्रोलाइडचं (टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन कमी करणारं) इंजेक्शन आणि अबिरॅटेरोनच्या गोळ्या यावर बराच काळ चांगला गेला. आता पीएसए (रक्तातला प्रोस्टेटचा आकडा) दर तपासणीत चढतोय आणि बोन स्कॅनमध्ये नवे डाग आलेत. टेस्टोस्टेरॉन मात्र अगदी तळाला आहे. म्हणजे इंजेक्शन आपलं काम करतंय, पण कॅन्सर त्याला जुमानत नाही. डॉक्टर म्हणतात, दर तीन आठवड्यांनी डोसेटॅक्सेल आणि रोज प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड). सोसलं तर दहा सायकलपर्यंत. इंजेक्शनही चालूच ठेवायचं म्हणे. ते का, हे विचारायचं राहिलं.

२००४ साली आलेल्या मोठ्या चाचणीबद्दल वाचलं. डोसेटॅक्सेलवर निम्मे रुग्ण साधारण १९ महिन्यांहून जास्त जगले, माइटोझॅन्ट्रोन या जुन्या केमोवर साडेसोळा. बाबा म्हणतात, "एवढ्यासाठी केस घालवू?" (डोक्यावर आहेत किती, तो प्रश्न वेगळा.) त्यांना कंबरदुखी आहे, पण हिंडतात-फिरतात. या वयात झेपतं का? कुणाच्या घरी अनुभव असेल तर कृपया लिहा.

प्रतिसाद
ताई, माझ्या सासऱ्यांना हेच दिलं होतं. इंजेक्शन थांबवलं की टेस्टोस्टेरॉन परत वाढू शकतं आणि ज्या पेशी अजून त्याच्यावर जगतात त्यांचं फावतं. म्हणून ते सहसा चालू ठेवतात.

त्या आकड्यांकडे बघताना एक सांगते. त्याच चाचणीत दुखणं कमी झालेल्यांचं प्रमाणही डोसेटॅक्सेलवर जास्त होतं. बाबांची कंबर दुखतेय, तर त्यांच्या दृष्टीने हे महिन्यांइतकंच मोलाचं. आणि डॉक्टर नुसतं वय बघत नाहीत, माणूस किती हिंडता-फिरता आहे आणि लिव्हरचे रिपोर्ट कसे आहेत ते बघतात. बिलिरुबिन वाढलेलं असेल तर हे औषध धोक्याचं.

पहिल्या काही आठवड्यांत पीएसए उलट वाढला तर घाबरू नका. कधीकधी वर जाऊन मग उतरतो, त्यामुळे पहिल्या १२ आठवड्यांत नुसत्या त्या आकड्यावरून औषध बंद करत नाहीत.

खरी भीती तापाची. डोसनंतर आठवड्याभराने पांढऱ्या पेशी खूप उतरतात. १००.४ फॅरनहाइट दिसला की रात्रीचे दोन वाजलेले असोत, तडक हॉस्पिटल. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नका. बोटं बधिर व्हायला लागली, शर्टाची बटणं लागेनाशी झाली, तर तेही लगेच सांगा, डोस कमी करता येतो.

बीआरसीए (कॅन्सरशी संबंधित जनुकं) तपासलंय का? त्यात दोष निघाला तर ओलापॅरिबच्या गोळ्यांचाही विचार होतो.

धागाकर्ती
खूप आभार. बीआरसीएचं नावही कुणी काढलं नव्हतं. नुसतं रक्त देऊन भागतं का?

प्रतिसाद
साध्या रक्ततपासणीत जन्मजात दोष कळतो. फक्त गाठीत झालेला बदल बघायचा तर सहसा बायोप्सीचा जुना ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) लागतो. जिथे बायोप्सी झाली त्या लॅबकडे आधी चौकशी करा, ब्लॉक सहसा जपून ठेवलेला असतो.