बॉलपेक्षा सुया जास्त न्या

परदेशातल्या शाळांत शिकवायला जाणाऱ्यांना ‘विमानाच्या तिकिटाचे पैसे शाळेलाच पाठवा की’ असं सांगितलं जातं. हा मुद्दा आठवडाभर जाऊन फोटो काढून येणाऱ्यांना बरोबर लागू पडतो. पण मैदान आहे आणि सराव घ्यायला कोणी नाही, तिथं नुसत्या पैशानं काय होणार? मी केनियात किसुमूजवळच्या एका वस्तीशाळेत फुटबॉल शिकवायला होतो. पोरांना नाद लावायची गरजच नव्हती. गोर माहिया की एएफसी लेपर्ड्स, या तिथल्या दोन फुटबॉल क्लबांवरून तिथं जी जुंपते, ती ऐकून कोल्हापुरात पाटाकडील-शिवाजी सामन्याला शाहू स्टेडियमवर बसल्यासारखं वाटायचं! अडचण वेगळीच. अख्ख्या वर्गात एक बॉल, तोही मोठ्यांचा 5 नंबरचा. बारा वर्षांखालच्या पोरांना 4 नंबरचा लागतो. मी हवा काढून बॉल नेले, सोबत पंप आणि हवा भरायच्या भरपूर सुया. सुया सगळ्यात आधी हरवतात. पण खरा उपयोग झाला तो तिथल्या गणिताच्या बाईंना सराव घ्यायला तयार केल्याचा. मी परत आल्यावरही त्यांनी तो चालू ठेवलाय.

आणि तारखांचं कोणी बोलतच नाही. केनियात एप्रिल, ऑगस्ट आणि वर्षअखेरीस शाळांना सुट्टी असते. आपल्या उन्हाळी सुट्टीत जाणाऱ्या शिक्षकांनी मे महिना धरावा, एप्रिलमध्ये गेलात तर मैदान रिकामं. यलो फीव्हरची लसही निघण्याआधी किमान 10 दिवस घ्या, नाहीतर परतताना आपल्याच विमानतळावरून थेट विलगीकरणात.