परदेशी सरकारच्या खर्चाने कॅम्प आहे, बहिणीला पाठवू का? सल्ला हवाय

केळीबाग_रावेर:
लहान बहीण जळगावला एमएस्सी करतेय. कॉलेजमार्फत एका परदेशी सरकारचा तीन आठवड्यांचा भाषा-संस्कृती कॅम्प आलाय, विमान, राहणं, जेवण सगळं त्यांचं, वर हातखर्चाला पैसे. वडील म्हणतात फुकट कोणी पाणीपण पाजत नाही, जाऊ नको. ती दोन दिवस धड जेवली नाही. तिला पुढे सरकारी परीक्षा द्यायच्यात, तिथे हे आडवं येईल का? कोणी गेलं असेल तर सांगा भो.

तापीकाठची:
दादा, सरकारचा पैसा म्हणून लगेच नाही म्हणू नका. जर्मनीची शिष्यवृत्ती देणारी संस्था डाड (DAAD) १९२५ पासूनची, ब्रिटनची चेवनिंग शिष्यवृत्ती १९८३ पासून, तिथेही सरकारचाच पैसा आणि आपली कितीतरी पोरं त्यावर शिकली. आपलं सरकारपण १९६४ पासून आयटेक (ITEC) या प्रशिक्षण योजनेतून बाहेरच्यांना इथे बोलावून शिकवतंच की. ओळख वाढावी म्हणून देश खर्च करतात, ते उघड असलं की झालं.

भुसावळकर७:
मी गेलो होतो, देशाचं नाव घेत नाही. माणसं फार मायाळू, आजही आठवण येते. पण निघायच्या आदल्या रात्री चार पानी कागद सहीला दिला, तिसऱ्या पानावर लिहिलेलं की यजमान देशाची प्रतिमा बिघडेल असं काही लिहिणार-बोलणार नाही. बॅग भरलेली, आईने दशम्या बांधून ठेवलेल्या, केली सही. परत आल्यावर वर्गात त्याच देशाच्या सीमावादावर चर्चा निघाली आणि मला सगळं माहीत असून मी खाली मान घालून बसलो. कोणी गप्प बस म्हटलं नव्हतं, तरी बसलो, ते अजून सलतं. कागद आधी मागा.

धुळे_वकील:
भुसावळकरांचं अगदी खरं. चीन सरकारच्या पैशावरच्या कन्फ्यूशियस इन्स्टिट्यूटबद्दल हीच तक्रार होती, पहिली इन्स्टिट्यूट २००४ ला सोलमध्ये निघाली, भाषा चांगली शिकवायचे पण तिबेट, तैवान म्हटलं की विषय टाळायचे. शिकागो विद्यापीठाने २०१४ ला त्यांच्याशी करार थांबवला, आपल्या शिक्षण मंत्रालयाने २०२० मध्ये इथले करार तपासायला घेतले.
आता कायद्याचं. परदेशातून येणाऱ्या पैशावरचा कायदा, एफसीआरए २०१०, त्यात स्कॉलरशिप, स्टायपेंड वगळलेत आणि परदेशी पाहुणचाराला आधी परवानगी लागते ती आमदार-खासदार, न्यायाधीश, सरकारी नोकर अशांना, विद्यार्थिनीला नाही. ताईने निवडीचं पत्र, तिकिटं, सही केलेल्या कागदाची झेरॉक्स सगळं एका फाईलला लावून ठेवावं आणि पुढे पडताळणीत विचारलं तर सरळ सांगावं, लपवलं की मग त्रास. कॉलेजला लेखी विचारा की पैसा नेमका कोणत्या खात्यातून येतो आणि मुलं कोण निवडतं.

केळीबाग_रावेर:
आज कॉलेजात जाऊन आलो. सर म्हणे कागद निघताना देतात, मी म्हटलं आधी द्या नाहीतर नाव काढा. सोमवारी देतो म्हणालेत. बहीण स्वतः वाचून वडिलांना अहिराणीत समजावणार आहे, ते वाक्य असलं तर सही करणार नाही असं तीच म्हणाली. आज जेवली.