पित्तनलिकेचा कॅन्सर: थेट यकृतात केमो आणि जोडीला इम्युनोथेरपी घ्यावी का?

खानापूरकर: मामांची गाठ यकृतातल्या पित्तनलिकेत आहे, ऑपरेशन होण्यासारखी नाही. शिरेतून जेमसिटाबिन-सिस्प्लॅटिन ही केमो चालू आहे. माझं स्पष्ट मत, अशा रुग्णाला यकृताच्या धमनीत नळी घालून थेट केमो आणि जोडीला इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीला गाठीशी लढायला लावणारं औषध), हा पर्याय सुरुवातीलाच समोर ठेवावा. यकृताला बरंचसं रक्त पोर्टल शिरेतून (आतड्यांकडून येणाऱ्या शिरेतून) मिळतं, गाठ मात्र मुख्यतः धमनीवर पोसते. त्यामुळे औषध गाठीत जास्त उतरतं, बाकी अंगात कमी. मरणाऱ्या पेशींमुळे प्रतिकारशक्तीला गाठीची ओळख पटते, असाही तर्क आहे. चीनमधल्या अभ्यासांत गाठी आकसलेल्या दिसल्यात.

निपाणीचा वाचक: मला नाही पटत. त्यातले बरेच अभ्यास मोजक्या रुग्णांवरचे आहेत, तुलनेला दुसरा गटच नाही. काहींत लेनव्हॅटिनिब ही कॅन्सरची गोळीही दिलेली. मग गुण कशाचा म्हणायचा? टोपाझ-१ चाचणीत ६८५ रुग्ण होते. शिरेतल्या केमोला डुर्व्हालुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध जोडल्यावर दोन वर्षांनी साधारण २५ टक्के हयात होते, नुसत्या केमोवर १० टक्के. आधी हे द्या. धमनीतल्या केमोला दर खेपेला कॅथलॅब, भरती, आणि नळी मांडीतून असेल तर पाय सरळ ठेवून तासन्‌तास पडून राहायचं. थकलेल्या माणसाचे हाल होतात हो.

खानापूरकर: त्याच चाचणीत आयुष्याचा मध्यक (निम्मे रुग्ण निदान जगले तो काळ) ११.५ महिन्यांवरून १२.८ वर गेलं, एवढंच. गाठ यकृतातच असेल तर जीव बहुधा यकृत निकामी होऊनच जातो. मग यकृत वाचवायला जोर नको?

शहापूरची सिस्टर: तुम्ही दोघं बिलिरुबिन (कावीळ दाखवणारा रक्तातला पिवळा घटक) विसरलात! पित्त तुंबलेलं असताना यातलं काहीच नीट देता येत नाही; आधी पित्तनलिकेत स्टेंट (बारीक नळी) घालून वाट मोकळी करावी लागते. आपल्याकडे अजून चुन्याच्या पाण्यात हात धुतात, पाणी पिवळं झालं की कावीळ उतरली म्हणतात. त्यात आठवडे जातात, आणि पेशंट येतो तेव्हा डोळे हळदीसारखे झालेले असतात. शिवाय बायोप्सीचा ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) जनुक तपासणीला पाठवा. एफजीएफआर-२ किंवा आयडीएच-१ या जनुकांमध्ये बदल सापडला तर त्यावर गोळ्या आहेत. धमनीत नळी घालायच्या आधी हे झालंच पाहिजे.

निपाणीचा वाचक: सिस्टरांशी सहमत. नोंदणीकृत चाचणीत जागा मिळाली तर धमनीतली केमो जरूर घ्या, बाहेर जमीन विकून नको. सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महाराष्ट्राने महात्मा फुले जनआरोग्य योजना जाहीर केली, इकडचं म्हणजे कर्नाटकातलं आयुष्मान कार्डही आहे. पण इम्युनोथेरपी पॅकेजमध्ये बसते का, ते भरतीआधी लेखी विचारून घ्या.