मदत हवी आहे: स्नायू फक्त आखडू शकतो, मग उतार उतरताना तो नेमकं काय करतो?

नमस्कार मंडळी, मुलीचा अभ्यास घेताना स्नायूंचा धडा परत वाचायला घेतला आणि एका जागी पार अडकलोय, जाणकारांनी प्लीज समजावून सांगा. स्नायू तीन प्रकारचे, हाडांना जोडलेले, हृदयाचे आणि आतडी-रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले, इथवर ठीक. पुढे लिहिलंय की स्नायू फक्त ओढतो, ढकलत नाही, म्हणून कोपर वाकवायला बायसेप्स (दंडाच्या पुढचा स्नायू) आणि सरळ करायला ट्रायसेप्स (मागचा). हेही पटलं. पण मग हातातलं वजन सावकाश खाली नेताना कोण काम करतं? हात सरळ होतोय म्हणजे नियमाने ट्रायसेप्स हवा, पण दुसऱ्या हाताने चाचपून बघितलं तर बायसेप्सच कडक लागतो, आणि तो तर तेव्हा लांब होत असतो! आखडणारा स्नायू लांब होता होता काम कसा करेल?

याच्याच जोडीला दुसरा प्रश्न. डोंगर चढताना धाप लागते, पण मांड्या भरून येतात त्या उतरल्यामुळे आणि त्याही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. सगळे म्हणतात लॅक्टिक अ‍ॅसिड साचतं. पण मग चढण्यानेच जास्त दुखायला हवं ना?

प्रतिसाद १
मी फिजिओथेरपिस्ट आहे, प्रश्न अगदी योग्य जागी बोट ठेवणारा आहे. तुमची चाचपणी बरोबर आहे, वजन सावकाश खाली नेताना बायसेप्सच काम करतो. हात खाली न्यायला गुरुत्वाकर्षण पुरेसं असतं, तो धाडकन पडू नये म्हणून बायसेप्स लगाम धरतो. हात जोरात खाली झटकलात तर मात्र ट्रायसेप्स लागेल.

आता लांब होता होता काम कसं, तर त्यासाठी आत डोकवावं लागेल. स्नायुतंतूत अ‍ॅक्टिन या प्रथिनाचे बारीक आणि मायोसिन या प्रथिनाचे जाड धागे एकमेकांत शिरलेले असतात. स्नायू आखडतो तेव्हा हे धागे स्वतः आखूड होत नाहीत, ते एकमेकांवरून सरकतात. हे 1954 साली दोन वेगळ्या टीमनी एकाच वेळी मांडलं, एकीकडे अँड्र्यू हक्सली आणि नीडरगेर्के, दुसरीकडे ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन (दोन्ही हक्सलींचं एकमेकांशी नातं नाही बरं का). मायोसिनच्या धाग्यांना बाहेर आलेली बारीक टोकं असतात, त्यांना डोकी म्हणतात; ही डोकी अ‍ॅक्टिनला पकडतात, खेचतात, सोडतात, पुन्हा पकडतात. रस्सीखेचीत आपण जीव तोडून ओढत असतो तरी समोरची टीम भारी असेल तर दोर तिकडेच जातो ना, तसंच. डोकी खेचतच असतात, पण बाहेरचं वजन जास्त भरतं म्हणून स्नायू लांबतो. उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूंचं प्रत्येक पावलाला हेच चालू असतं.

आणि दुखण्याचं कारण इथेच आहे. अशा लांबत्या कामात तेवढंच वजन पेलायला कमी तंतू लागतात, ऑक्सिजनही कमी, म्हणून धाप लागत नाही. पण प्रत्येक तंतूवर ताण जास्त येतो, काही जागी रचना अगदी सूक्ष्म प्रमाणात विस्कटते, मग सूज येते, नसा हळव्या होतात. याला वेळ लागतो म्हणून दुखणं साधारण 24 ते 72 तासांत सगळ्यात जास्त असतं. लॅक्टिक अ‍ॅसिडवर उगाच आळ आहे, ते थांबल्यावर तास-दोन तासांत निघूनही जातं.

धागाकर्ता
खूप खूप धन्यवाद, लगाम म्हटल्यावर एकदम उलगडलं! एक राहिलं, ती डोकी खेचतात ते एटीपीच्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूच्या) जोरावर, मग सोडायला काही लागत नसेल ना? सोडणं म्हणजे आराम असंच वाटतं.

प्रतिसाद २
उलट आहे, सोडायलाच एटीपी लागतो. एटीपीचा नवा रेणू येऊन चिकटला की मगच मायोसिनचं डोकं अ‍ॅक्टिनवरून सुटतं, त्यातली ऊर्जा पुढच्या खेचीसाठी वापरली जाते. मेल्यावर एटीपी बनणं थांबतं, पकड सुटत नाही, म्हणून शरीर ताठरतं. शिवाय मेंदूकडून आलेला इशारा नसेतून स्नायूपर्यंत पोचला की आत कॅल्शियम सुटतं आणि त्यानेच पकडीच्या जागा मोकळ्या होतात, स्नायू सैल करायचा तर ते कॅल्शियम परत त्याच्या साठ्यात पंप करावं लागतं, त्यालाही एटीपी. म्हणजे सैल होणंसुद्धा फुकट नाही! मला तर हा सगळ्या धड्यातला सगळ्यात भारी भाग वाटतो, मुलीला नक्की सांगा.

प्रतिसाद १
वरच्यांना अनुमोदन. उतरण्याबद्दल एक सांगायचं राहिलं, आधी थोडं थोडं उतरण्याची सवय केली तर पुढच्या वेळी तेवढ्याच उताराने बरंच कमी दुखतं, हा परिणाम काही आठवडे टिकतो. त्यामुळे मोठ्या ट्रेकआधी नुसतं चढण्याची प्रॅक्टिस करू नका. आणि दुखणं सहन होण्यापलीकडे गेलं, मांडी खूप सुजली किंवा लघवी चहासारखी गडद झाली तर घरी शेकत बसू नका, लगेच डॉक्टरकडे जा, तेव्हा स्नायूतली द्रव्यं रक्तात उतरून किडनीला धोका असू शकतो.